ताईताखालचं लेबल

बुटांचं रिकामं खोकं टाकून देणाऱ्यांतली जुदित्ता नव्हती. स्वयंपाकघरातल्या कपाटावर तिची अशी सात खोकी होती. एकात कांद्याचं बी, एकात गेलेल्या नवऱ्याचे चष्मे, बाकीच्यांत रोकसंताच्या उत्सवाच्या कागदी पताका. हे आठवं, मुलाच्या नव्या बुटांचं. उत्सव बारा दिवसांवर आला होता आणि नव्या पताकांना जागा हवी होती, म्हणून त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास तिनं खोकं उलटं करून झटकलं. आतून एक पातळ कागद पडला आणि त्याच्या मागोमाग घडी घातलेलं माहितीपत्रक.

ते तिनं उचललं ते रद्दीत टाकायला. पण घडी उलगडली आणि कागद लांबच लांब होत गेला, वीसेक भाषांत तेच ते. शेवटाकडे कुठंतरी तिची माल्टी भाषा होती. आपली भाषा अशी छापलेली दिसली की जुदित्ता थांबायचीच. एवढ्या मोठ्या युरोपानं आपल्या मूठभर लोकांसाठी एक पान राखून ठेवलंय, याचं तिला अजून अप्रूप होतं. नवऱ्याच्या खोक्यातला एक चष्मा नाकावर चढवून ती वाचायला बसली.

आधी सगळं गोडच होतं. पायाच्या बोटांवर वजन पडलं तर संरक्षण. तळव्यात खिळा घुसू नये म्हणून संरक्षण. बुटाच्या जिभेवर जे लेबल असतं त्यातल्या एकेका अक्षराचा, एकेका खुणेचा अर्थ ओळीनं दिला होता. तिला बरं वाटत होतं. मग ती एका खुणेपाशी आली. एक त्रिकोण, आणि त्याच्या आत आणखी एक त्रिकोण.

ही खूण तिच्या ओळखीची होती. रविवारी बुटावर संताचा ताईत शिवताना तिनंच ती पाहिली होती. चर्चच्या कमानीवर त्रिकोणात देवाचा डोळा काढलाय, तसंच काहीतरी असेल म्हणून तिला तो शकुनच वाटला होता.

पत्रकात देवाचं नाव नव्हतं. ‘ही खूण असलेले बूट वीज अडवतात,’ असं लिहिलं होतं. ‘घालणाऱ्याच्या अंगात साठलेली वीज या बुटांतून जमिनीत उतरू शकत नाही. स्फोटक पदार्थ हाताळण्याच्या जागी हे बूट वापरू नयेत.’

तिनं ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं ते एकेका शब्दाखाली बोट ठेवून.

तिचा मुलगा विस्तीन सकाळी सात वाजता तेच बूट घालून आगीच्या खोलीत गेला होता.

गावात तिला आगीची खोलीच म्हणतात. खरं तर त्या सात खोल्या आहेत, शेतांपलीकडे, वस्तीपासून लांब. उत्सवाची शोभेची दारू तिथं बनते. प्रत्येक खोली सुटी, पिवळ्या दगडाची, समोर एक जाड आडभिंत. भिंती हातभर जाडीच्या, छप्पर मात्र हलक्या फळ्यांचं. असं का, ते गावातलं कुठलंही पोर सांगेल. उडालीच तर वरच्या वर उडावी, शेजारचीला सोबत नेऊ नये. गावातले पुरुष नोकऱ्या सांभाळून तिथं वर्षभर फुकट राबतात, का तर उत्सवात शेजारच्या गावाचं नाक कापता यावं. जुदित्ताचा नवरा राबला. तो मेला अंथरुणात, हृदयानं, आणि तेव्हा रडता रडतासुद्धा तिनं संताचे आभार मानले होते. आता तिचा एकुलता एक, बत्तीस वर्षांचा, टपाल वाटायच्या नोकरीतून सुट्टी काढून राबत होता.

मे महिन्यात दूरच्या एका गावची खोली उडाली. दोन माणसं गेली. इथं जुदित्ताच्या कपाटातले पेले नुसते किणकिणले, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. संताच्या मूर्तीपुढं उभं राहून तिनं नवस केला, याला सांभाळ, मी तुझ्या मिरवणुकीत अनवाणी चालेन. पण सगळा भार संतावर टाकून स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. विस्तीनच्या कामाच्या बुटाची टाच चिरली होती. “शहरात जातेसच तर आण,” तो म्हणाला होता, “त्रेचाळीस नंबर. सांग एस-तीन, दुकानवाल्यांना कळतं.”

दुकानातली मुलगी म्हणाली, “एस-तीन संपलेत, मावशी. हे बघा ना, दिसायला अगदी तसेच, पण त्याहून भारी. यांतून वीजच जात नाही. वायरमन लोक नेतात.”

वीज जात नाही! आगीच्या खोलीत सगळे घाबरतात ते ठिणगीला, आणि ठिणगी म्हणजे वीजच की. जुदित्तानं किंमतसुद्धा विचारली नाही. एस-तीन हे तिच्या लेखी काहीतरी मापाबिपासारखं होतं.

मग ताईत. आगीच्या खोलीत धातू चालत नाही. गळ्यातला क्रूस नको, पदक नको, अंगठीसुद्धा नको. म्हणून गावातल्या बायका संताचं चित्र छापलेला कापडी ताईत पुरुषांच्या कपड्यांत कुठंतरी शिवून टाकतात. जुदित्ता तो बुटाच्या जिभेवर शिवायची, लेबलाच्या खाली. या नव्या बुटांचं लेबल मोठं होतं, खाली जागाच उरली नव्हती. लेबलापेक्षा संत मोठा, असा विचार करून तिनं ताईत लेबलावरच शिवला. चारही बाजूंनी, पक्का.

हे सगळं तिला स्वयंपाकघरात बसल्या जागी एका दमात आठवलं.

तिनं विस्तीनला फोन लावला. वाजत राहिला. तिथल्या प्रमुखाला, नेनू मास्तरला लावला, तोही वाजत राहिला. लागणार कसे? सगळे फोन फाटकाजवळच्या डब्यात बंद करून ठेवायचे, हा तिथला पहिला नियम. दोन फोन एका डब्यात वाजतायत आणि ऐकायला कुणी नाही, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं.

मागच्या दाराशी जे होतं ते तिनं पायांत सरकवलं. विस्तीनचे जुनेच बूट होते ते, परसात झाडांना पाणी घालताना ती वापरायची. पत्रक मुठीत धरून ती गल्लीत आली तेव्हा कोपऱ्यावर फ्रेदूची भाजीची गाडी उभी होती. या फ्रेदूला गाव भोपळ्या म्हणतं, आणि तो त्या नावाला जागतो.

“काय वहिनी, पुरुषाचे बूट घालून कुठं निघालात?”

“फ्रेदू, आगीच्या खोलीवर सोड मला. आत्ता.”

“अहो, वांगी तरी—”

“फ्रेदू!”

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि वांगी तोलायला थांबलेल्या बाईला तसंच रस्त्यावर सोडून गाडी चालू केली. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, “धूर दिसला का?” ती म्हणाली, “नाही.” मग दोघंही गाडीच्या काचेतून समोरच्या आभाळाकडं बघत राहिले. आभाळ स्वच्छ होतं, कारण वायव्येचा कोरडा वारा सुटला होता. अशा वाऱ्यात दरवाजाच्या कडीला हात लावला तरी झटका बसतो. एरवी नेनू मास्तर अशा दिवशी भुकटी चाळण्याचं काम काढतच नसे. पण उत्सव बारा दिवसांवर होता आणि शेजारच्या गावानं म्हणे यंदा चारशे मोठे गोळे केले होते.

गाड्या निवडुंगाच्या कुंपणापाशीच थांबतात. तिथून पुढं पायी. जुदित्ता शेताच्या पायवाटेनं धावली, अठ्ठावन्न वर्षांची बाई, पायात दोन नंबर मोठे बूट, नाड्या मोकळ्या. पहिल्या खोलीची भिंत दिसली आणि तिनं स्वतःला आवरलं. आवारात धावायचं नाही. धावणारा पडतो, पडणारा कशालाही हात टेकतो. नवऱ्यानं हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

चौथ्या खोलीवर लाल निशाण फडफडत होतं. म्हणजे आत कुणीतरी भुकटी चाळतंय, जवळ फिरकायचं नाही.

नेनू मास्तर फाटकाच्या आत खुर्ची टाकून वाती वळत बसला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, डाव्या हाताला तीनच बोटं. पण मास्तर झाल्यापासून त्यानं एकही माणूस गमावला नव्हता, आणि त्या खोल्यांत त्याचा शब्द पाद्रीबाबांच्या शब्दापेक्षा जड होता.

“काय पोरी, आज पाव इतक्या लवकर?” तो म्हणाला. मग त्यानं तिचे रिकामे हात पाहिले.

तिनं पत्रक पुढं केलं.

“चष्मा नाहीय माझा. तोंडानं सांग.”

तिनं सांगितलं. कसं सांगितलं ते तिला नंतर आठवेना. वीज अडवणारे बूट, त्रिकोणात त्रिकोण, दुकानातली मुलगी, सगळं उलटंसुलटं. मास्तरच्या मांडीवरच्या वाती खाली पडल्या.

“लेबल बघायला गेलो होतो मी,” तो हळू म्हणाला. “नवे बूट आले की बघतोच. सकाळी त्याला जीभ उलटी करायला लावली. रोकसंत दिसला. मी त्याला शिवून बोटं ओठांना लावली आणि म्हणालो, जा.”

दोघांनीही चौथ्या खोलीकडं पाहिलं. आतून बारीक आवाज येत होता. खस्, खस्, खस्. चाळणीचा.

“त्याला बाहेर बोलवा,” जुदित्ता म्हणाली. “बोलवा ना, मास्तर!”

“थांब. मला विचार करू दे.” त्याचा हात थरथरत होता, आणि तो थरथरताना जुदित्तानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. “चाळणी हलते, बाही घासते, त्यानं अंगात वीज साठते. आपल्या एस-तीन बुटांतून ती आपोआप जमिनीत जाते, कळतही नाही. याची सात वाजल्यापासून गेलेलीच नाही. माठ भरावा तसा तो भरलाय. लाकडी चाळणी, लाकडी टेबल, तोवर ठीक. पण बाहेर येताना तो दारावरच्या तांब्याच्या पट्टीला हात लावणार. अंगातली वीज उतरवायला लावायचाच असतो, मीच शिकवलंय. हाताला भुकटी, बाहीला भुकटी, आणि तांब्याला बोट लागलं की ठिणगी.”

“मग सांगा त्याला, लावू नकोस म्हणून!”

“लाल निशाण असताना मी कधी तोंड उघडत नाही. माझा आवाज आला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे इथं सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. तो दचकून उठेल आणि थेट दाराकडं धावेल.” तो थांबला. “आणि अकराला तो पाणी प्यायला उठतोच.”

“किती वाजले?”

“अकराला दहा कमी आहेत.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि ती त्याच्याकडं. उन्हाळ्यात रोज ती पाव घेऊन यायची आणि फाटकातूनच ओरडायची, “विस्तीन, पाव थंड होतोय!” तेल आणि टोमॅटो चोळलेला पाव तो, थंडच असतो. सगळे पुरुष पोट धरून हसायचे. निशाण असो नसो, तिचं तोंड मास्तरलासुद्धा कधी बंद करता आलं नव्हतं.

“तुझ्या आवाजाला तो दचकणार नाही,” मास्तर म्हणाला. “पण पोरी, रोजचा आवाज हवा. आत्ताचा नाही.”

ती आडभिंतीच्या मागं जाऊन उभी राहिली. मास्तर शेजारी. त्यानं तिला एकदा सांगून पाहिलं, मी इथं थांबतो, तू लांबून बोल. तिनं ऐकल्यासारखंसुद्धा केलं नाही. भिंतीपलीकडं पाच पावलांवर दार होतं, आणि दाराच्या आत तिचा मुलगा. खस्, खस्. तिनं तोंड उघडलं तर नुसती हवाच बाहेर आली. मास्तरनं पाण्याची बाटली पुढं केली. एक घोट तिच्या हनुवटीवरून ओघळला, दुसरा गेला. तिला एवढंच कळत होतं की आवाजात जरा जरी भीती उतरली तर तो उठेल, आणि तिच्या अंगात भीतीवाचून दुसरं काहीही उरलं नव्हतं.

“विस्तीन!” तिनं हाक मारली. “पाव थंड होतोय!”

खस् थांबलं.

“आज इतक्या लवकर?” आतून हसरा आवाज आला. “गरम होता कधी तो? आलो आलो, एवढं उरकतो—”

“उठू नकोस!”

हे रोजच्या आवाजात नव्हतं. तिचं तिलाच कळलं. मास्तरनं डोळे मिटून घेतले.

मग सावध आवाज आला. “आई? काय झालं?” आणि स्टूल सरकल्याचा आवाज.

जुदित्तानं समोरच्या भिंतीवर आपला तळवा टेकला. तो कसा टेकला गेला कोण जाणे, पण दगड हाताला लागला आणि तिला शब्द सापडले.

“काही नाही रे, बाळा,” ती म्हणाली. “भिंत धर.”

विस्तीन लहान असताना दारूच्या बारांच्या आवाजाला घाबरायचा. आगीच्या खोलीत राबणाऱ्याचा मुलगा आणि फटाक्यांना भितो, म्हणून गल्लीतली पोरं त्याला छळायची. सहा वर्षांचा असताना उत्सवाच्या गर्दीत तिचा हात सुटण्याआधी तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, आवाज झाला की पळायचं नाही, भिंत धरायची. चर्चपासून आपल्या दारापर्यंत भिंत कुठं तुटत नाही. त्या रात्री तो एकटा घरी पोचला होता, तळहात पूर्ण सोललेला. तेव्हापासून त्यांच्या घरात कुणी घाबरलं की दुसरा म्हणायचा, भिंत धर. नवरा गेला त्या दिवशी विस्तीनच तिला म्हणाला होता.

आतून तो बोलला तेव्हा आवाजातलं हसू पार गेलं होतं.

“कुठल्या हातानं?”

मास्तर तिच्या कानाशी पुटपुटू लागला आणि ती मोठ्यानं तेच बोलत गेली, पाव वाढताना बोलावं तसं. “डाव्या हातानं. हात पुसूबिसू नकोस. चाळणी आहे तिथंच राहू दे. टेबलाला, भुकटीला आता शिवायचं नाही. मागच्या भिंतीला पूर्ण पंजा लाव. नुसतं बोट नाही, पंजा.”

“लावला.”

“दगड आतून ओला असतो,” मास्तर पुटपुटला, तिला की स्वतःला कळलं नाही. “तांबं एकदम ओढतं. दगड हळू पितो. पिऊ दे.”

“आता तसाच थांब,” ती म्हणाली. “दहा वेळा नमो मरिया म्हण. घाई करायची नाही.”

“बूट ना?” आतून आवाज आला. “आई, बुटांचंच काहीतरी आहे ना?”

“म्हण आधी.”

तो म्हणू लागला. तीही म्हणू लागली, भिंतीच्या अलीकडून. चौथ्यांदा म्हणताना तिची गाडी मध्येच अडली, लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, पुढचा शब्दच येईना. तो पलीकडं पुढं गेला, आणि ती त्याचे शब्द ऐकून त्याच्यामागून म्हणत राहिली. गावातल्या चर्चनं अकराचे ठोके दिले. एकेका ठोक्याला तिचे खांदे आक्रसत होते.

“झाल्या दहा.”

“आता हात न उचलता भिंतीभिंतीनं दाराकडं ये. पाय घासू नकोस. तांब्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. ऐकलंस? पट्टीला नाही.”

“पट्टीला नाही.”

तळव्याचा दगडावरून सरकण्याचा आवाज तिला ऐकू येत होता, किंवा तसा भास होत होता. एक पाऊल. दुसरं. कोपऱ्याशी तो थांबला. पुन्हा पाऊल. दाराच्या चौकटीतून आधी चार बोटं बाहेर आली, रुपेरी भुकटीनं माखलेली, मग मनगट, मग तो, भिंतीला चिकटून, तोंड पांढरंफटक. बाहेरच्या दगडावरून हात सरकवत तो आडभिंतीच्या टोकाशी आला आणि मातीत बसला. दोन्ही हात त्यानं मातीत खुपसले.

जुदित्ता त्याला मिठी मारायला निघाली. मास्तरनं तिचा दंड धरून ठेवला, “थांब, थांब अजून,” म्हणत. शेवटी त्यानं सोडलं तेव्हा ती विस्तीनजवळ बसली आणि त्याचा कान धरला. मिठी मारायची होती, पण हाताला काय सुचलं तर कान.

विस्तीननं बूट काढला आणि जीभ उलटी केली. ताईतावरचा रोकसंत आपल्या कुत्र्यासह शांतपणे त्यांच्याकडं बघत होता. विस्तीननं शिवण दातांनी उसवली. खाली त्रिकोण होता आणि त्रिकोणात त्रिकोण.

“मी शिवला,” जुदित्ता म्हणाली. “लेबलावर. मला वाटलं…”

“मी बघितलं नाही,” मास्तर म्हणाला.

विस्तीन आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिला. “म्हणजे तू, मास्तर आणि संत,” तो म्हणाला, “तिघांनी मिळून माझी काळजी घेतलीत.” आणि तो हसायला लागला. ते हसणं थांबता थांबेना. हसता हसता त्याचे दात वाजू लागले तेव्हा मास्तरनं आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, जणू थंडीच पडली होती.

सगळं संपलं, असं जुदित्ताला वाटलं. पण मास्तर छपराकडं बघत होता.

“भुकटी उघडी आहे,” तो म्हणाला. “बारानंतर उन्हं सरळ फळ्यांवर येतात. असा वारा आणि उघडी भुकटी… बंद करून ठेवायला हवी. मी जातो.”

“हात बघा तुमचे, मास्तर.”

मास्तरनं आपले हात पाहिले आणि पाठीमागं लपवले.

“मी जातो,” विस्तीन म्हणाला. “कुठं काय ठेवलंय ते मलाच माहीत आहे. दोन मिनिटांचं काम. तुमचे बूट द्या.”

“एकोणचाळीस नंबर. तुझी टाचसुद्धा जाणार नाही.” मंगळवार होता, बाकीचे सगळे आपापल्या नोकरीवर. आवारात चौथं माणूस नव्हतं.

आणि मग दोघांचीही नजर जुदित्ताच्या पायांकडं गेली.

तिनंही खाली पाहिलं. चिरक्या टाचेचे, चिखलानं भरलेले, त्रेचाळीस नंबरचे बूट. तिनं एक पाय दुसऱ्यामागं लपवला. हे बूट काढून त्या निवडुंगात भिरकावून द्यावेत, असा विचार तिच्या मनात आला आणि तो तिला जराही वाईट वाटला नाही. उडू दे ती खोली. चारशे गोळे त्या गावालाच लखलाभ. आत्ता कुठं तो बाहेर आला होता.

“आई,” विस्तीन म्हणाला. “ती उघडी राहिली तर दुपारी शेजारच्या शेतात माणसं असतील.”

ती मातीत बसली. बूट काढले. तळ मास्तरपुढं धरला. त्यानं चिरेत नख घालून पाहिलं आणि मान हलवली, तळ शाबूत होता. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. तिनं जीभ उलटी केली, थुंकी लावून चिखल पुसला आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. खाली विटलेला संत, वर लेबल.

“एस,” ती मोठ्यानं म्हणाली. “तीन.” मग दुसरा बूट उलटा करून तोही वाचला. “एस-तीन.” त्रिकोण कुठंच नव्हता. तिनं पुन्हा पाहिलं. कुठंच नव्हता.

नाड्या तिनंच बांधल्या. शाळेत पाठवताना बांधायची तशा, दोन गाठी. पहिली गाठ दोनदा सुटली, आणि तो पाय पुढं करून उभा राहिला.

त्यानं तांब्याच्या पट्टीवर तळवा ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि आत गेला.

जुदित्ता आडभिंतीमागं उभी राहिली. तापलेल्या दगडगोट्यांवर अनवाणी पाय भाजत होते, तिला कळत नव्हतं. भिंतीवर तळवा टेकून तिनं नमो मरिया म्हणायचा प्रयत्न केला. जमेना. तोंडात एकच येत होतं, एस-तीन, एस-तीन, एस-तीन. आत लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग भांड्याचं झाकण दाबल्यासारखा एक हलका आवाज. मास्तर शेजारी उभा राहून श्वास घेत होता, आणि त्याच्या श्वासाचासुद्धा तिला राग येत होता, कारण त्यापायी आतलं ऐकू येत नव्हतं.

तांब्यावर तळव्याची थाप पडली.

विस्तीन बाहेर आला. लाल निशाण त्यानं स्वतः उतरवलं, घडी केली, मास्तरच्या हातात दिलं. मग आईसमोर येऊन तो उभा राहिला. तोंडाला थोडा रंग परत आला होता.

“चल,” तो म्हणाला, “पाव कुठंय?”

जुदित्तानं खिसा चाचपला. आत फक्त चुरगळलेलं पत्रक होतं, तेच तिनं त्याच्यापुढं धरलं.